अयिपोयिंदि म्हंजे संपलं

च्या घ्या आधी, थंडा होइन. काय झालं ते सांगतो, पन हसू नोका. म्हंजे हसा, पन शेवटी हसा, कारन मधात रडाचं हाय. एका तेलुगु शब्दापायी मी अख्खं गाव रडवलं बाप्पा! अन् शब्दही कोनता, तर जो मी दिवसभर गल्ल्यावर बसून बोलतो.

आमचं गाव तेलंगानात, आदिलाबादजवळ, तलमडुगु मंडलातलं, लहानसं. तिथी माहं किराना दुकान. अर्धे गिऱ्हाईक मराठी, अर्धे तेलुगु. माही तेलुगु दुकानापुरती. चक्केरा म्हंजे साखर, उप्पु म्हंजे मीठ, लेदु म्हंजे नाई, अन् माल संपला का अयिपोयिंदि. चक्केरा अयिपोयिंदि, साखर संपली, उद्या या. एवढ्यावर माहा संसार चालून राह्यला, मंग जास्त शिकाची गरज काय?

आता गाडीचं ऐका. औंदा नवी मोटरसायकल घेतली. काऊन घेतली, तर बाबाले दम्याचा तरास, अन् आमच्या गावात बस येते तवा येते. आदिलाबादच्या दवाखान्यात न्याचं काम पडलं तर घरची गाडी पाह्यजे. शोरूमपुढेच पूजा केली, नारळ फोडला. बाबा म्हनाले, लिंबू-मिरची समोर हँडलले बांध. मी म्हनलं, एवढी चकचकीत गाडी, समोर मिरच्या काय लोंबवाच्या? म्हून काळ्या दोऱ्यात लिंबू, मिरच्या अन् बिब्बा ओवला, अन् खाली साइड स्टँडजवळ, कोनाले दिसू नाई असा बांधून देल्ला. हे ध्यानात ठेवा.

थोडेच दिवस गेले, अन् गाडी चालता चालता बंद पडाले लागली. खालून टक टक आवाज, अन् खड्डा आला का इंजिन गप. हलवा, पुसा, किका मारा, पुन्हा चालू. शोरूमात नेली का मात्र शहान्यावानी चाले. पयले म्हने पेट्रोल खराब असन. मंग म्हने नवी गाडी हाय, सेट होइन. मंग कॉम्प्युटर लावला, त्यात काई निघे ना. मी वारंटीचं कार्ड दाखवलं, त्याइनं मान डोलावली अन् गाडी धुऊन देल्ली. दर खेपेले धुऊन देत. गाडी सुधरली नाई, पन इतकी साफ गाडी अख्ख्या मंडलात कोनाची नव्हती.

अन् मंग एका दिवशी सकाळीच बाबाचा दम वाढला. छातीतून सूं सूं आवाज येऊन राह्यला. बाबाले मधात बसवलं, मायनं मांगून धरलं अन् निंघालो. अर्ध्या रस्त्यात, जिथी ना झाड ना घर, एका खड्ड्यात गाडी गप. किका मारून मारून माहा पाय भरून आला. बाबा उन्हात रस्त्याच्या काठाले बसले, ओठ निळे पडून राह्यले, अन् मायच मले धीर देऊन राह्यली. इतका लाचार मी जिंदगीत कधी झालो नाई.

शेवटी कापसाचा एक टेम्पो आला. त्यानं आमाले उचललं, गाडीलेही उचललं. बाबा दवाखान्यात, गाडी शोरूमात. डॉक्टर म्हने ऑब्झर्वेशनमंधी ठेवू. शोरूमवाला म्हने ऑब्झर्वेशनमंधी ठेवू. दोघाइची तक्रारही सारखीच, आवाज येते अन् दम तुटते. दोन्हीकडे माहाच फोन नंबर देल्ला.

दुसऱ्या दिवशी मायले बाबाजवळ ठेवून मी डबा अन् कपडे न्याले गावात आलो. दुकानाचं शटर अर्धं उचललं नाई, तं फोन. नंबर अनोळखी, पोरीचा आवाज.

“सर, अयिपोयिंदि. सायंत्रं लोपल वच्चि तीस्कपोंडि.”

संपलं. संध्याकाळच्या आत येऊन घेऊन जा.

मी तिथीच तांदळाच्या पोत्यावर बसलो. कसंबसं “एप्पुडु?” म्हनलं, म्हंजे कधी. ती म्हने “इप्पुडे”, आत्ताच. अन् वरून सांगते, “सप्पुडेम लेदु सर.” काईच आवाज नाई. हे सांगतानी तिचा आवाज इतका खुशीत, का मले वाटलं, दवाखान्यातल्या लोकाइले दया-माया राह्यलीच नाई. पुढं काई इचारीन तं लाइन कटली. मायले लावला तं तिचा फोन बंद. मंग तं खात्रीच झाली.

बायकोले, वनिताले सांगतलं अन् तिनं हंबरडा फोडला. दहा घराइतले लोक धावले. शेजारचे महादूकाका आले. गावात कोनी गेलं का सारं त्याइच्याच हाती असते. त्याइनं नातेवाइकाइले फोन लावाले सांगतलं, बांबू तोडाले मानसं पाठवले, पांढरं कापड माह्याच नातलगाच्या दुकानातून आनलं, हार आनला, जीप बोलावली. मी नुसता मान हालवून राह्यलो.

जीप आमाले अन् महादूकाकाले घेऊन त्याच खड्ड्याजवळून गेली. तवा मले जे रडू फुटलं, ते आवरे ना. गाडी चालू राह्यली असती तं बाबा वाचले असते, एवढंच डोस्क्यात. त्या शोरूमले मी मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या घातल्या, मराठीत, कारन तेलुगुत येत नाईत.

वार्डात गेलो. बाबाची खाट रिकामी. चादरही बदललेली. वनितानं त्या खाटेवर डोस्कं टेकलं अन् टाहो फोडला. मी उशी छातीशी धरून बसलो. आजूबाजूचे पेशंटही डोळे पुसाले लागले.

मागून कोनी इचारलं, “काऊन रडून राह्यले? कोन गेलं?”

वळून पाह्यलं, तं बाबा! मायच्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात एक्स-रेचं पाकीट. छातीचा फोटो काढाले गेलते. माय म्हने, फोनची बॅटरी कालच उतरली.

आता काय सांगू तुमाले, जो तो डोळे पुसत दुसऱ्याकडे पाहे. बाबाले वाटलं, घरातलं कोनी गेलं अन् आपल्यापासून लपवून राह्यले. त्याइच्याही डोळ्यात पानी आलं. सांगा ना बापा, सांगा ना, असं म्हनत खाटेवर बसले. महादूकाकाच्या हातात हार. तो कुठी लपवावा हे त्याइले सुचे ना, म्हून त्याइनं तो सरळ बाबाच्याच गळ्यात घातला. म्हने, तब्येत सुधरली म्हून आनला. बाबानं हार पाह्यला, आमचे चेहरे पाह्यले, अन् त्याइचं रडनं थांबलं.

तेवढ्यात माहा फोन वाजला. तोच नंबर, तीच पोरगी, पन आता हिंदीत. “सर, आपकी गाडी सुबह से तैयार है. लेने नहीं आए?”

फोनचा आवाज मोठा असते माहा. साऱ्या वार्डानं ऐकलं. नर्स तोंडाले हात लावून हसली, वनिता हसता हसता पुन्हा रडली. काम झालं त्यालेही तेलुगुत अयिपोयिंदिच म्हंतात, हे मले तवा समजलं. मी सारं खरं सांगून टाकलं. बाबा मात्र हसले नाईत.

“बांबू तोडले?”

“तोडले.”

“माह्याच वावराच्या धुऱ्यावरचे?”

“हो.”

मंग ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी शोरूमात गेलो. त्या पोरीनं माह्या हातात एक पन्नी देल्ली. आत सुकलेलं लिंबू, मिरच्या, बिब्बा अन् काळा दोरा. दोरा स्टँडच्या स्प्रिंगमंधी गुंडाळला होता. त्यानं स्टँड पुरा वर जात नव्हता, खड्डा आला का खाली सरके, अन् स्टँड खाली असला का ही नवी गाडी आपोआप बंद होते. टक टक करे तो बिब्बा. म्हंजे बाबाले उन्हात गाडीनं नाई, मी बसवलं. वारंटीत लिंबू येत नाई म्हने, पन पैसे घेतले नाईत. अन् गाडी धुऊन देल्ली.

बाबा घरी आले. छाती कमजोर हाय, जपा, असं डॉक्टरनं सांगतलं. गाडीची वारंटी बाकी हाय, बाबाची कोनी लिहून देत नाई. एक दिवस खराच फोन येइन, हे मले माहीत हाय, अन् त्या इचारानं कधी कधी जेवन जात नाई. तवर ते दुकानातच बाजेवर पडून राह्यते, माह्या नजरेपुढे.

परवा एक म्हातारी आली, चक्केरा उंदा म्हने, साखर हाय का. मी डबा उघडला, आत काईच नाई. सवयीनं तोंडातून निंघून गेलं, अयिपोयिंदि.

बाजेवरून बाबानं डोळे न उघडता इचारलं, “साखर ना रे? का मी?”