एकदाणीसाठी तीन मशिनी

माझ्या बायकोची एकदाणी हरवली आहे, हे तिला पाच-सहा महिन्यांत कळलं. ती मी हरवली आहे, हे कळायला नऊ वर्षं लागली. त्यात तिचा काही दोष नाही. सांगणारा मी होतो.

एकदाणी म्हणजे सोन्याच्या गोल मण्यांची एकपदरी माळ. आमच्या वऱ्हाडात ती गळ्यात दिसली की बाईचं बरं चाललंय, असं लोक धरून चालतात. सुनंदाच्या एकदाणीचा दोरा विरला होता. मे महिन्यात मी ती अकोल्याच्या पटवेकऱ्याकडून नव्या दोऱ्यात ओवून आणली आणि घरी जाता जाता पातूर रस्त्यावरच्या आमच्या शेतात थांबलो. आम्ही फुलं पिकवतो, झेंडू आणि शेवंती. त्या दिवसांत शेतात फुलंही नव्हती आणि कामही नव्हतं. तरी बांधावर बसलो, माळ बाहेर काढली आणि पटवेकऱ्यानं सगळे मणी ओवलेत की नाही ते मोजायला लागलो. (माणसानं इतकं चोख असू नये.) सत्तावीसपर्यंत आलो तेव्हा नाकावर माशी बसली. माशी हाकलली. माळ गेली.

मे महिन्यातली काळी जमीन ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला भेगा पडतात म्हणजे नुसते चरे पडत नाहीत. हात खांद्यापर्यंत आत जातो. माझा गेला. बोटांना माळ लागलीसुद्धा! मी ती चिमटीत धरायला गेलो आणि आणखी खाली ढकलली. मग तुऱ्हाटीनं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काटकीनं, प्रयत्न केला, ती आणखी खाली गेली. मग तार आणली. तारेनं उरलेलं काम पूर्ण केलं. उद्या कुदळ घेऊन येऊ, असं मनाला समजावलं. उद्या शेतात नामदेव होता. हा आमची शेती सांभाळतो आणि त्याला सगळं विचारायची सवय आहे. परवा अवकाळी पाऊस झाला, माती फुगली आणि भेगेनं तोंड मिटलं. मीही मिटलं.

रिकामी डबी मी कपाटात होती तिथे ठेवून दिली. ती उघडली गेली दिवाळीनंतर. माझी धाकटी बहीण शोभा, अमरावतीला दिलेली, चार दिवस राहून नुकतीच परत गेली होती. सुनंदानं तिच्यावर आळ घेतला नाही. ती फक्त म्हणाली, "कपाटाले हात आमा दोघींचाच लागला."

मी तेव्हा चहा पीत होतो. मी तो संपवला. त्या प्रसंगातली माझी कामगिरी एवढीच.

त्यानंतर शोभा यायची, तिला चहा मिळायचा, निघताना ओटी भरली जायची. पण "राहून जा" असं कोणी म्हणायचं नाही. सकाळच्या बसनं आलेली बहीण संध्याकाळच्या बसनं परत. नऊ वर्षांत तिचं माहेर दोन बसांच्या मधल्या वेळाएवढं उरलं. दर वेळी मी तिला स्टँडवर पोचवायला जायचो, आज सांगू म्हणून ठरवायचो, आणि तिला वेफर्सचा पुडा घेऊन द्यायचो.

यंदा तिच्या मुलीचं लग्न ठरलं. शोभा पत्रिका घेऊन आली, देवापुढे ठेवली, संध्याकाळच्या बसनं गेली. सुनंदानं पत्रिका नीट वाचली आणि घडी घातली. "मामा तुमी आहा," ती म्हणाली. "तुमी जा. माहं काय काम तिथी?"

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि सकाळपर्यंत एक योजना तयार झाली. एकदाणी शोधायची, तिच्या एखाद्या जुन्या शालूच्या घडीत सरकवायची आणि तिलाच ती सापडू द्यायची. शोभा निर्दोष, सुनंदा खूश, आणि मी जसा होतो तसाच, चहा पीत. सत्य सांगणं सोडून बाकी सगळे कष्ट घ्यायची माझी तयारी होती.

पहिली मशीन एका मंगल कार्यालयाच्या वॉचमनकडून मागून आणली. पाहुण्यांच्या अंगावरून फिरवतात ती, काळी, लाटण्यासारखी. ती दोन बोटांच्या खाली काही ऐकत नाही, हे मला शेतात कळलं. तोवर ती माझ्या पट्ट्यावर, चष्म्यावर आणि दातावरच्या टोपीवर वाजली होती. मातीवर एकदाही नाही.

दुसरी ऑनलाइन मागवली. पत्ता घरचा देता येईना, म्हणून फुलबाजारातल्या ओळखीच्या गाळ्याचा दिला. ही चूक होती. खोक्यावर मशीनचं मोठं चित्र होतं आणि चित्रात मशीनखाली सोन्याच्या मोहरा होत्या! ही मात्र वाजायला कंजूष नव्हती. बैलाचा नाल, खताच्या पोत्याची तार, विळ्याचं पातं, मोटरच्या वायरचे तुकडे, सगळ्यांसाठी एकच भोंगा. दोन दिवसांत मी शेतातलं इतकं लोखंड काढलं की नामदेव म्हणाला, "भाऊ, भंगारचा धंदा टाकून राहिले काय?"

शेवटी कोणीतरी अमरावतीच्या इंगळे सरांचं नाव सांगितलं. निवृत्त चित्रकला शिक्षक. नदीकाठानं, बाजार उठलेल्या मैदानांतून जुनी नाणी आणि पडलेले डूल शोधत फिरणं हा त्यांचा छंद. भिंतीवर तानपुरे टांगावेत तशा त्यांच्याकडे चार मशिनी टांगलेल्या होत्या. त्यांनी मला डॉक्टरसारखं समोर बसवलं. काय हरवलं, कुठल्या जमिनीत, किती वर्षं झाली? माझ्या एका मित्राची एकदाणी हरवली आहे, असं मी सांगितलं. बरं, मग मित्राला विचारा किती खोल गेली, ते म्हणाले. मी लगेच उजवा हात खांद्यापर्यंत मोजून दाखवला.

सर माझ्या हाताकडे पाहत राहिले. पुढे त्यांनी मित्राचं नाव काढलं नाही.

इतक्या खोलचं कुठलीच मशीन सांगणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. पण काळी माती दर उन्हाळ्यात फाटते, दर पावसाळ्यात फुगते, खालचं वर आणते. आली असेल वर तर आली. मग त्यांनी चारही मशिनी अंगणात माझ्या हातात देऊन पाहिल्या. एक फार जड होती. एकीवर इतके आकडे दिसायचे की जमिनीकडे पाहायचं राहून जायचं. तिसरी काळ्या मातीवरच बिथरायची. चौथी सगळ्यात जुनी, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. तिच्यावर माझं मन बसलं. लोखंड आलं की ती ढेकर द्यायची, पितळेला शिटी, आणि सोन्याला नुसती कुजबूज. "आवडती मशीन म्हणजे भारीतली नाही," सर म्हणाले. "जिचं बोलणं तुमाले समजते ती. आधी घरचंच सोनं पुरून कान तयार करा. आन् एक, गुटख्याच्या पुडीची चांदी पण अशीच कुजबुजते."

शेवटचं वाक्य किती खरं आहे ते पुढच्या तीन दिवसांत कळलं. वऱ्हाडात माणसं किती गुटखा खातात हे ज्याला मोजायचं असेल त्यानं ती मशीन न्यावी.

पण त्याआधी मी घरचं सोनं पुरलं. सुनंदा कणीक मळताना बोटातली अंगठी काढून खिडकीत ठेवते. ती मी उचलली, शेतात वीतभर खोल पुरली, खुणेला काडी रोवली आणि मशीन लावायला झोपडीत गेलो. मुठीचा स्क्रू बसेना. बाहेर आलो तेव्हा त्या तुकड्यावर नामदेवानं ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला होता. काडी दिसत नव्हती. त्याला विचारलं, काहून फिरवला? तो म्हणाला, तुमीच त सकाळी सांगतलं.

सांगितलं होतं.

आता माझ्या नावावर दोन दागिने होते. घरी सुनंदा अंगठीसाठी पिठाचा डबा चाळत होती आणि मी तिच्याबरोबर मनापासून चाळत होतो. दिवसा मी कानाला हेडफोन लावून शेतात उभे-आडवे पट्टे काढायचो. एवढ्यात फुलबाजारात त्या खोक्यावरच्या मोहरांनी आपलं काम केलं. माझ्या शेतात गुप्तधन लागलं, अशी बातमी झाली. बांधावर माणसं येऊन बसायला लागली. एक गृहस्थ लिंबू आणि टाचण्या घेऊन आले. जागा दाखवतो, चौथा हिस्सा द्या, म्हणाले. मशीन त्यांच्या टाचण्यांवर ढेकर देऊ लागली आणि त्यांनी तो कौल मानला!

तिसऱ्या दिवशी दुपारी ऑटो थांबला आणि त्यातून सुनंदा उतरली. बाजारातल्या बायांनी तिला धन लागल्याबद्दल पेढे मागितले होते. तिनं बांधावरच्या मंडळींकडे एकदा पाहिलं. मंडळी उठून गेली, टाचण्यांसकट. मग ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काय शोधून राहिले?"

गुप्तधन म्हणालो असतो तर सुटलो असतो. जीभ तिथपर्यंत आलीही होती. पण मी हेडफोन काढला आणि सगळं सांगितलं. पटवेकरी, माशी, भेग, तुऱ्हाटी, तार, रिकामी डबी. चहासुद्धा सांगितला. ती बांधावर बसली. मला वाटलं, आता रडेल किंवा मारेल. दोन्हीची मी तयारी केली.

"आन् माही आंगठी?" तिनं विचारलं.

तेही सांगितलं.

तिनं माझ्या हातातून मशीन घेतली, हेडफोन डोक्यावर चढवला, नामदेवाला रोटाव्हेटर कुठून कुठे वळवला ते विचारलं आणि चालू लागली. तासाभरात अंगठी सापडली. (मशीन मी निवडली होती, हे इथे नमूद करावंसं वाटतं.) एकदाणी सापडली नाही. आजवर नाही.

अंगठी पदराला पुसून बोटात घालत ती म्हणाली, "लावा शोभाले फोन. तुमीच सांगा. मी आयकते म्हणा."

मी स्पीकरवर फोन लावला आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. दुसऱ्या वेळी ते सोपं जाईल असं वाटलं होतं; नाही गेलं. मी दोनदा हॅलो म्हणालो.

"आयकून राहिली," शोभा म्हणाली. "मले माईत होतं वयनीचा संशय माह्यावर आहे."

"मग काऊन नाही बोलली व माय?" सुनंदानं फोन जवळ ओढला.

"काय बोलू वयनी? मले वाटलं दादानं विकली. जुव्यात नाही त कशात तरी फसला असन. मी नाही म्हटलं असतं त त्याचं नाव आलं असतं. तुमचा संसार कशाले मोडू? म्हणून गप राहिली."

सुनंदा पदर तोंडाला लावून बसली. माझे डोळे भरून आले. माझी धाकटी बहीण नऊ वर्षं माझ्या पापावर पांघरूण घालत होती, आणि त्या पांघरुणाखाली मी केलेलं पाप नव्हतंच! मी म्हणालो, "शोभा, मी तुझा गुन्हेगार आहे."

"होय," ती म्हणाली, आणि मग तिला हसू यायला लागलं, थांबेचना. "इतके वर्सं मी तुले चोर समजत होती, दादा. तू त निस्ता बावळट निंगाला."

हे ऐकून सुनंदाही हसली. त्या दोघी नऊ वर्षांत पहिल्यांदा एकत्र हसल्या आणि पुढचा अर्धा तास त्यांना माझी गरज पडली नाही. लग्नाच्या आठ दिवस आधी सुनंदा अमरावतीला राहायला गेली.

नऊ वर्षं मी स्वतःला मोठा गुन्हेगार समजून खाली मान घालून वावरलो. घरच्यांनी मात्र एका फोनमध्ये एकमतानं ठरवलं की, तेवढी माझी अक्कल नाही.