आकड्यावरचा शेंदूर

लोणावळ्याच्या मालधक्क्यावर एक यारी होती, हातानं फिरवायची. चार गडी हँडल मारायचे, साखळी चढत जायची आणि आकड्याला अडकवलेलं ओझं वॅगनमधून उचलून बैलगाडीत उतरायचं. ती रोज सकाळी तपासणं ही माझी नोकरी. साखळीच्या एकेका कडीवर हातोडी मारायची. धड कडी खणखणते, तडकलेली बद्द वाजते. मग ब्रेक, मग चाकाचे दाते, शेवटी आकडा पुसून उजेडात निरखायचा. वहीत ‘ठीक’ लिहायचं की सुटलो.

मला एका जागी बसवत नसे, आणि काम मिळालं ते हे! रोज त्याच कड्या मोजून जीव नुसता विटायचा. हमालांचे मुकादम मळवलीचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. सगळे त्यांना आबा म्हणत. ते मला चिडवायचे, “काय मिस्त्री, रोज नाडी बगताय, कवा ताप आलाय का हिला?”

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. खंडेनवमीला हमालांनी यारीची पूजा केली. झेंडूची माळ घातली, आणि आबांनी स्वतः आकड्याला तेलात कालवलेला शेंदूर चांगला जाड थापला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी तपासायला गेलो. साखळी वाजवली, ब्रेक पाहिला आणि आकडा खरवडायला खिशातून कानस काढली.

“आवं, काल दसरा झाला,” आबा म्हणाले. “आज लगीच द्येवाला खरवडता व्हय?”

बाकीचे गडी टकामका बघत राहिले. म्हटलं, जाऊ दे, कशाला यांच्या तोंडी लागा! शेंदूर काय, चार दिवसांत आपोआप निघेल. वहीत ‘ठीक’ लिहिलं आणि चहाला सटकलो.

पण चहा हातात घेतला आणि आठवलं. त्या दिवशी पिठाच्या गिरणीचं इंजिन उतरवायचं होतं, एवढं जड ओझं महिन्यात आलं नव्हतं. मी उठलो, परत बसलो, पुन्हा उठलो. आकडा पाहिला नाहीस, मन एकच धोशा लावून बसलं. शेवटी कप तसाच टाकून पळत सुटलो.

इंजिनाची पेटी नुकतीच वर उचलली होती. तिला हात देऊन फिरवायला खाली आबा उभे.

“खाली घ्या! आधी खाली घ्या!” मी बोंबललो.

पेटी टेकली. कुणाला न विचारता मी आकडा खराखरा खरवडला. वाकणात केसाएवढी चीर होती, तिच्यात नख अडकत होतं. भीतीपोटी मी आबांवरच तुटून पडलो. “बघा तुमचा देव! अक्कल गहाण ठेवली होती का? आत्ता मेला असता!”

आबांनी चिरेवरून अंगठा फिरवला. “शेंदूर लावताना दिसली व्हती मला. चरा आसंल म्हनलं. पन आज गडी हँडलाला लागले तवा मनात पाल चुकचुकली.”

“मग थांबवलं का नाही?”

“तुमी बगून गेलता न्हवं, मंग आमी कसं थांबवावं?” ते म्हणाले. “म्हनून हितल्या तरण्या गड्याला मागं सारला अन् आपुन उभा ऱ्हायलो. माजं वय झालंय.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. न बघता ‘ठीक’ लिहून ज्याला मी मारायला निघालो होतो त्यालाच चारचौघांत शिव्या घातल्या होत्या, आणि त्याची माफी मागायचंही मला त्या दिवशी जमलं नाही.