फुगडीचा व्हिडिओ आणि दाराचं कुलूप

निवृत्त झालो तरी ती फुगडी काही डोक्यातून जात नाही. मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच शेळगावकडची एक तरुण विधवा लहान लेकीचं बोट धरून दारात उभी राहिली.

त्यांच्या गावानं ठराव करून विधवांनाही हळदीकुंकवाला बोलावलं होतं. तिथं ही हौसेनं फुगडी खेळली. चार दिवसांत तोच व्हिडिओ, वर अचकट-विचकट गाणं लावून, पार बारामतीपर्यंत मोबाईलवर फिरला! 'घराण्याची अब्रू घालवली' म्हणून दिरानं तिच्या खोलीला कुलूप ठोकलं. मायलेकी रस्त्यावर.

फिर्याद नोंदवली आणि कार्यक्रमाच्या फोटोग्राफरला बोलावलं. गडी घामाघूम.

"सायेब, जाहीर कार्यक्रम व्हता. पण गाणं माझं न्हाय! मी फक्त ज्येची त्येला क्लिप धाडली."

"हिची कुणाला धाडली?"

"ह्यांच्याकडं फोन न्हाय. म्हणून दिराच्या नंबरावर."

मी खुर्चीतून ताडकन उठलो. अहो, धागाच हाती लागला होता!

दीर आला तो मिशीला पीळ देत. "असलं घाण आमी बघत न्हाय, सायेब. त्यो व्हिडिओ अजून बघितला न्हाय."

मी फोटोग्राफरकडची मूळ क्लिप लावली. दोन गिरक्या होतात न होतात तोच हा म्हणतो, "ह्यात गाणं कुठं हाय?"

लिहून घेणाऱ्या हवालदाराला हसू आवरेना. "न बघता बरं कळलं, राव!" मी म्हणालो. पंचांसमक्ष मोबाईल जप्त केला. गाणं चिकटवलेली पहिली प्रत त्यातच निघाली. मग घडाघडा बोलला. मेलेल्या भावाच्या वाट्याची खोली त्याला हवी होती.

माझी छाती अशी फुगली की विचारू नका! लगेच दोन पत्रकार बोलावले, दिराकडून घेतलेली खोलीची किल्ली हातात धरली. "या ताई, इकडं कॅमेऱ्याकडं बघा."

तिनं पदर तोंडावर ओढला. "सायेब, दिरानंबी मला इचारलं नव्हतं."

लाज वाटली हो. चारचौघांत आली तरी बाईचा चेहरा तिचाच असतो, तो टिपायचा तर तिला विचारायचं. इतकी साधी गोष्ट मला नोकरीच्या शेवटी कळली. कॅमेरे बंद करायला लावले, "चुकलं माझं, ताई," म्हणालो आणि किल्ली दिली.

दारापर्यंत जाऊन ती वळली. "पुढल्या साली बी खेळणार हाय मी फुगडी," म्हणाली.