बाकांखालचे पाय

संध्याकाळी शिकवणीच्या खोलीत पिवळं ऊन तिरकं आत आलं आणि मला बाकांखालचे पाय दिसले. पहिलीतल्या मुक्ताचे पाय जमिनीला टेकत नव्हते, ते हवेतच झुलत होते. सातवीतले पाय एकमेकांकडे न दिसणारा चेंडू ढकलत होते. दहावीतले पाय तेवढे शहाण्यासारखे स्थिर होते, पण टाचा उचललेल्या होत्या. उद्या आमच्या पेठेची फुटबॉलची फायनल. कोल्हापुरात अशा संध्याकाळी पाढे कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत.

ही खोली मी एकेका बाकासाठी घासाघीस करून उभी केली. त्याच्या आधी पेठेच्या संघासाठी रक्ताचं पाणी केलं होतं. त्याच संघानं मला ऐन फायनलला बाहेर बसवलं. तेव्हापासून मी मैदानाकडे फिरकलेलो नाही.

"सर, उद्या येणार न्हवं?" मुक्तानं विचारलं.

"नाही. गणितं सोडव."

"दोन सोडवली तर येणार?"

मी चिडून म्हणालो, "दहा!"

"तीन."

"पाच. त्याच्या खाली एक नाही."

बोलून गेलो आणि कळलं, आपण सौद्याला बसलो. झुलणारे पाय थांबले. ऊन भिंतीवर चढत गेलं आणि क्षणभर वाटलं, हे सगळे पाय माझेच आहेत, वेगवेगळ्या वयांतले.

मुक्तानं पाच गणितं सोडवून पाटी पुढे केली. त्यातली दोन चुकली होती. खराब माल मी आयुष्यात कधी पदरात घेतला नाही. तरी मी खडू उचलला आणि पाचही गणितांवर बरोबरची खूण केली.