शैलाताईंचा डावा हात

शैलाताई चहासुद्धा उभ्यानं प्यायच्या. "बसा की घटकाभर," म्हटलं, तर "बसले की डोकं चालायला लागतं गं," म्हणत कप घेऊन खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या. ऐंशीच्या दशकातलं अमेरिकेतलं ॲन आर्बर, हाडं गोठवणारी थंडी, नवरा अविनाश दिवसभर लॅबमध्ये आणि व्हिसामुळे यांना नोकरीची मुभा नाही. सांगलीत गवयांना पेटीची साथ करणारी ही बाई. इथं साथ कुणाची करणार, फ्रिजची?

आम्ही एकाच घरात भाड्यानं राहायचो. ती दोघं खाली, मी माडीवर. घरमालकीण मिसेस हॉफमन यांच्या दिवाणखान्यात हार्प्सिकॉर्ड होता. दिसायला पियानोचा किडकिडीत भाऊ. पण यात तारा छेडल्या जातात, म्हणून आवाज सतारीच्या जवळचा. एका दुपारी त्या स्पॅनिश सोनाटा वाजवत होत्या. गिटार खरवडल्यासारखे सूर, टाच आपटल्यासारखा ठेका, वाक्य अर्ध्यात तोडून एकदम गप्प, आणि पुन्हा तिथूनच धावाधाव. शैलाताई कणकेच्या हातांनी दारात उभ्या. "हे गाणं माझ्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "याला कुठं ठेवावं तेच कळत नाही."

मिसेस हॉफमननी शिकवायचं कबूल केलं आणि पंचाईत झाली. उजवा हात विजेसारखा. डावा मात्र हवेत मागं-पुढं. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर भाता हलवतो, सूर त्याच्या वाट्याला येत नाही. आणि या सोनाटात डाव्यानं उजव्यावरून उडी मारून वरचे सूर घ्यायचे. दर वेळी उडीपाशी गाडं अडायचं. "मेल्याला वारा घालायचीच सवय," असं म्हणून त्या आपल्याच हाताला रागे भरायच्या. पोळपाटावर, बसमध्ये, माझ्या खांद्यावरसुद्धा डाव्या बोटांचा रियाज चालायचा. खांदा दुखायचा, पण थांबा म्हणायला जीभ रेटायची नाही.

वसंतात अविनाशला दूर दक्षिणेकडच्या कॅरी गावात नोकरी मिळाली. "ऑफर ॲक्सेप्ट केली," त्यानं जेवताना सांगितलं. शैलाताईंनी त्याला भात वाढला. मग दिवसरात्र त्या सोनाटाच्या मागं लागल्या. जायच्या आधी एकदा तरी तो न अडता वाजवायचा होता.

निघायच्या आदल्या दिवशी त्या वाजवायला बसल्या. अविनाश गाडीची किल्ली हातात घेऊनच उभा. उडी आली. डावा हात उजव्यावरून गेला, नेमका पडला, परत आला, पुन्हा गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अविनाशही मनापासून म्हणाला, "छान गं. तिकडे गेलो की फर्स्ट थिंग, तुला पेटी घेऊन देतो."

"पेटी नको. मला हेच हवं."

"अगं, कॅरीत हे कुठं मिळणार?"

"मिळालं की कळवा. तोवर मी इथं थांबते."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो एकटाच ड्राइव्ह करत गेला. गावातल्या मराठी मंडळींना उन्हाळाभर दुसरा विषय नव्हता. एका काकूंनी तर मला बाजूला घेऊन, "तू तरी समजाव, संसार मोडेल तिचा," असं सांगितलं. मी समजावलं नाही. भीती मात्र मलाही वाटत होती.

पानगळीच्या सुमारास फोन आला. मीच उचलला. "शैलाला दे," अविनाशला धाप लागली होती. "इथल्या एका चर्चमध्ये हार्प्सिकॉर्ड आहे. कुठं कुठं विचारत फिरलो, काय सांगू! ते वाजवू देतो म्हणालेत."

मी निरोप सांगत रिसीव्हर पुढं केला. कुठलं चर्च, किती लांब, काहीच त्यांनी ऐकून घेतलं नाही. "तुम्ही विचारलंत?" त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, रडत, पुन्हा तेच, "माझ्यासाठी विचारलंत?"