कुरवाच्या पायातलं कडं

हिवाळ्यात आमच्या हर्णैच्या किनाऱ्यावर कुरव येतात, समुद्रावरचे ते पांढरे, दांडगे पक्षी. यंदा एकाच्या पायात मला पिवळं कडं दिसलं. अशी कडी अभ्यासक पिल्लांच्या पायात घालतात. त्यावरची अक्षरं कुणी वाचून कळवली, की पक्षी कुठून कुठे गेला ते समजतं. तीन सकाळी मी दुर्बिणीला डोळे लावून बसलो. चौथ्या दिवशी दोन अक्षरं लागली, आणि कुत्रा थव्यात घुसला.

त्यानं त्या कुरवाचा पंख धरला आणि फडकं झटकावं तसा पक्षी झटकला. पंख मुळातून उखडला. कुरवानं चोचीनं कुत्र्याचं नाक फाडलं, तरी त्यानं सोडलं नाही. मासे वाळत घालणाऱ्या पार्वतीबाई वल्हं घेऊन धावल्या. दुसऱ्या फटक्याला कुत्रा केकाटत पळाला. त्यांनी पक्षी उचलला, तेव्हा रक्त त्यांच्या कोपरापर्यंत ओघळलं. थोड्याच वेळात त्याची मान कलंडली.

बाईंनी त्याचा पाय माझ्यापुढे धरला. “वाचा आता भाऊ, काय लिवलंय ते.”

मी वाचलं आणि कळवलं. मंगोलियातल्या एका तळ्याकाठी त्याला कडं घातलं होतं, असं उत्तर आलं. एवढे डोंगर ओलांडून तो आला, आणि पाहणं म्हणजेच जपणं असं मी समजत राहिलो.

कुत्रा येताना मला दिसला होता. मी ओरडलो असतो तर थवा उडाला असता आणि तिसरं अक्षर राहिलं असतं. म्हणून मी गप्प बसलो.