दारातलं तीन तोंडांचं मुंडकं

चहाचा घोट गिळून घ्या आधी. मी घातलेला हा घोळ ऐकताना आजवर दोघांना ठसका लागलाय.

भाची रंजना आमच्याकडे महाडला राहून शिकत होती. पोलादपूरकडचे लोक तिला बघायला येणार होते. मुलगा तिच्या मनात आधीच भरलेला. म्हणजे बिघडायला कुठे जागाच नव्हती. ती मी शोधून काढली!

त्या दिवसांत मी युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांविषयी वाचत होतो. काय ती कला! एकातून एक निघणारी वेटोळी, कुठे दगडात कोरलेलं तीन तोंडांचं मुंडकं. म्हटलं, दारात नेहमीचं कमळ कशाला? पुस्तक शेजारी उघडं ठेवलं, पट्टीने मापं घेतली आणि त्या मुंडक्याची रांगोळी काढली. निळ्या रंगाला कपड्यांची नीळ वापरली.

पाहुणे आले आणि पायरीशीच थबकले. मुलाची आई वाकून बघू लागली.

"दत्तगुरू काय हो मामा?"

'हो' म्हणायला माझं काय जात होतं? पण चुकीची माहिती मला सोसत नाही ना!

"छे छे! हे केल्टांचं. जीव डोक्यात असतो असं ते मानायचे. म्हणून शत्रूंची मुंडकी कापून दारावर लावायचे."

"दारावर?" बाई दोन पावलं मागे. नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, ही करणी हाय! मी नाय ओलांडायची."

नवरा माझ्याकडे टक लावून बघत होता. "आणि तुमच्या कपाळाला काय झालाय?"

घाम पुसताना नीळ कपाळभर फासली गेली होती. तरी मी खुलासा केलाच. "नीळ हो. लढाईला निघताना त्यांच्यातलेही काही अंगाला निळा रंग लावत."

"लढाई? कोनाशी?"

आतून रंजनाचा हुंदका ऐकू आला. पाठोपाठ आमची ही बादली घेऊन बाहेर. एका फटक्यात केल्ट संस्कृती गटारात!

"या हो ताई, आत या. यांचं वाचन जरा जास्त झालंय. अहो, तुम्ही मोरीत जा!"

मी कपाळ खसखसून घासलं. बाहेर आलो, तर नीळ गालांवर उतरलेली. ते बघून रंजना रडता रडता फस्सकन हसली. मग पोह्यांची बशी सावरत मुलाची आईही.

निघताना त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "वैनी, पोरगी पसंत हाय. देनंघेनं काय नको. एकच अट."

आम्ही सगळे कान टवकारून उभे.

"लग्नात मामा पायजेतच. फकस्त धुवून आणा."